कागदातल्या वहिनींच्या गावी

आमच्या घरी प्रवास पोस्टाने यायचा.

एवढं वाचून आमच्या पाठीशी कोणी श्रीमंत मामा असेल असं वाटेल, म्हणून आधीच खुलासा करतो. मी सोलापुरातल्या एका गिरणीच्या कचेरीत हजेरी लिहिणारा कारकून. आमच्या पगारात तुळजापूर सहज बसायचं, आणि फारच ताणलं तर दादरचा चुलतभाऊ. पण वर्तमानपत्रात सहलींच्या जाहिराती येत आणि त्यांच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असे, ‘सचित्र माहितीपत्रक मोफत मिळेल.’ ‘मोफत’ हा शब्द मला चष्म्याशिवायही दिसतो. एक पोस्टकार्ड टाकायचं, की काही दिवसांनी घडीघडीचं रंगीत पत्रक दारात. उटी आली, माउंट अबू आलं, काश्मीर तर दोनदा आलं. रविवारी जेवणं झाली की सतरंजीवर पत्रकं पसरायची आणि मी बायको-मुलीला हिंडवून आणायचो. आमच्या नंदाने शाळेतल्या निबंधात ‘आम्ही दोनदा काश्मीरला जाऊन आलो’ असं लिहिलं, तेव्हा तिच्या बाईंनी मला बोलावून घेतलं होतं. मी खाली मान घालून उभा होतो आणि आमची मुलगी ‘पण बाबाच नेतात’ म्हणून मलाच पुढे करत होती.

अशाच एका टपालात वसई-आगाशीच्या सहलीचं पत्रक आलं. मुंबईच्या कुठल्याशा प्रवासी कंपनीने छापलेलं. मुखपृष्ठावर एक फोटो होता. केळीची बाग, तिच्यात रहाट, मागे सुरूच्या झाडांची रांग आणि तिच्या फटींतून समुद्राची निळी रेघ. डावीकडे चर्चचा पांढरा मनोरा. मधोमध तांबड्या लुगड्यातली एक बाई. डाव्या हातात कोयता, उजव्या हाताने केळीचा घड सावरलेला, आणि चेहरा असा खुललेला की बघणाऱ्याला आपणच काहीतरी विनोद केलाय असं वाटावं. छपाई बेताचीच. लुगड्याचा लाल रंग लुगड्याच्या किंचित बाहेर सांडला होता. खाली ओळ होती, ‘वटारच्या वाडीत.’

हे पत्रक रविवारच्या गठ्ठ्यात गेलंच नाही. मालतीने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, ते चुलीशेजारच्या खिळ्याला अडकवलं. आमच्या उन्हाळ्यात, भिंतींना हात लावला तरी चटका बसायचा त्या दिवसांत, ती त्या केळीच्या सावलीकडे बघत भाकऱ्या थापायची. हळूहळू त्या बाईंना ‘वहिनी’ हे नाव पडलं. मग बोलणं सुरू झालं. “वहिनी, डाळ शिजेना बघा आज.” “वहिनी, ह्यांनी परत किल्ली हरवली.” त्या हसतात कोणाकडे बघून, यावर घरात तीन मतं होती. मालती म्हणे, नवऱ्याकडे. मी म्हणे, शेळीकडे. नंदा म्हणे, फोटो काढणारा चिखलात घसरला असणार.

शेजारच्या गोदाकाकू हे सगळं ऐकत असत. त्या मालतीला म्हणायच्या, “अगं, आमच्याशी बोल कधी. आम्ही निदान उत्तर देतो.”

नंदाचं लग्न ठरलं, मुहूर्त फाल्गुनातला. कधी काही न मागणारी मालती तेव्हा म्हणाली, “अहो, नंदा जायच्या आत एकदा आपण तिघं वटारला जाऊ या. मला वहिनींना भेटायचंय.” मी हसलो नाही. हसलो असतो तरी तिने तिकिटं काढायला लावलीच असती. गोदाकाकू मात्र हसल्या. “कागदातल्या बाईला भेटायला एवढा खर्च? भेटली तर माझा नमस्कार सांगा.”

*

ऐंशीच्या सुमाराचा जानेवारी होता. दादरला भावाकडे मुक्काम टाकून आम्ही सकाळी निघालो. सगळी मुंबई एका दिशेला धावत होती आणि आम्ही उलट्या, त्यामुळे डब्यात जागाच जागा. खाडीचा पूल लागला तसा वारा आत घुसला, आणि दोन्ही बाजूंना मिठागरांतले पांढरे ढीग उन्हात चमकायला लागले. मालतीने पत्रक पदराआड धरलं, उडू नये म्हणून. नंदाने पर्समधून छोटा गोल आरसा काढून केस सारखे केले. पाच मिनिटांनी परत काढला.

“ठेव तो आता,” मालती म्हणाली. “बाहेर बघ. आरशात काय तेच तोंड आहे.”

“वारा आहे आई.”

“वारा आम्हालापण आहे.”

वसईला उतरून आधी किल्ला पाहिला, कारण पत्रकात तो पहिल्या क्रमांकावर होता. ‘भव्य’ हा त्यांचा शब्द खोटा नव्हता. फक्त भव्यतेत करवंदाच्या जाळ्या किती आहेत ते लिहायचं राहिलं होतं. त्या कमानींखाली मी इतिहासावर चार शब्द बोललो. मायलेकी पुढे निघून गेल्यावरही थोडा वेळ बोलत होतो.

आता घोटाळा. पत्रकाच्या मागे नकाशा होता. त्यावर किल्ला आणि वटार यांच्यात माझं अर्धं बोट मावत होतं. मी म्हटलं, चालत जाऊ, पाय मोकळे होतील. पाचूबंदरच्या कोळीवाड्याशी, वाळत टाकलेल्या बोंबलांच्या वलांडीखाली (म्हणजे बांबूच्या आडव्या मांडणीखाली) एक कोळीण बसली होती. तिला वाट विचारली.

“चालत? वटारला?” तिने आधी माझ्याकडे आणि मग नंदाकडे पाहिलं, आणि मालतीकडे वळली. “बाय, पोरगीचा लगीन झाला नाय ना अजून? तुमी पोचाल तवर जावय नातवंड घेऊन दारात उभा असंल. पानी प्या आदी.”

पाणी पिता पिता मालतीने तिला फोटो दाखवला. तिने हात लुगड्याला पुसून पत्रक घेतलं आणि मागूनपुढून पाहिलं.

“ही वाडीवाली बाय. आमच्यातली नाय. आमचा बंदर कुठं हाय ह्यात?”

“नाही दिसत,” मी म्हणालो.

“मासलीपन नाय?”

“नाही.”

“मंग कोन येनार असा कागद बघून?”

मी तिच्याकडून पत्रक परत घेतलं. आलेला माणूस तिच्यासमोरच उभा होता, आणि त्याला अजून एसटीचा थांबा सापडायचा होता.

*

एसटी निघाली आणि पत्रक पहिल्यांदा खरं व्हायला लागलं. अरुंद रस्ता, दोन्हीकडून केळीची पानं खिडकीला घासतायत. पानवेलींचे मांडव, मध्येच फुलांचे ताटवे, वळणावर झेंडूची माळ घातलेला दगडी क्रूस. घरांच्या ओसरीवर नाताळातले कागदी तारे अजून टांगलेले, उन्हाने फिके झालेले. मालती खिडकीशी सरकली. तिचा हात खिडकीबाहेर होता आणि पानं त्याला लागून मागे जात होती. कंडक्टरने दोनदा ओरडून झाल्यावर हात आत आला. पुढच्या वळणावर परत बाहेर.

वटारला उतरल्यावर मला वाटलं होतं, फोटो दाखवायचा आणि बोट दाखवलेल्या दिशेला चालायला लागायचं. नाक्यावरच्या दुकानदाराने फोटो पाहून डोकं खाजवलं.

“‘वटारच्या वाडीत’ लिहिलंय. पण वटारला सगळ्या वाड्याच आहेत.”

“मनोरा आहे ना मागे,” मी म्हणालो.

“तोच तर प्रश्न आहे. समुद्राकडे तोंड करून उभे राहिलात तर आमचा मनोरा उजव्या हाताला येतो. हा डावीकडे आहे. हे दुसरीकडचं कुठलं असेल, नाव आमचं घातलंय.”

पुढच्या घरी हेच उत्तर. त्याच्या पुढच्या घरी एका म्हातारीने लुगडं बरोबर असल्याचं सांगितलं, रहाटही बरोबर म्हणाली, आणि मग मान हलवली. एक गोष्ट सगळीकडे सारखी होती. हे पत्रक वटारमध्ये एकानेही कधी पाहिलेलं नव्हतं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गावाची जाहिरात गावात कोण वाटणार? ती सोलापूरला, नागपूरला जायची. सगळ्या गावचे लोक वटार बघून बसले होते आणि वटार स्वतःला बघायचं राहिलं होतं.

ऊन चढलं. मालतीची पावलं मंद झाली. “नसेल इथलं,” ती म्हणाली. “छापणाऱ्यांनी दिलं असेल काहीतरी ठोकून.” हे ती इतक्या हळू म्हणाली की मी त्या कंपनीला मनातल्या मनात चार पत्रं लिहिली. पाचव्याला सुरुवात करणार तोच नंदाला तहान लागली आणि आम्ही एका वाडीच्या फाटकातून आत शिरलो.

आत मांडवावर सोललेली केळी ओळीने उन्हात मांडलेली होती. ही सुकेळी (राजेळी केळी उन्हात वाळवून करतात, मधासारखी गोड). एक म्हातारे गृहस्थ बनियन-चड्डीवर एकेक केळं उलटवत होते. नाव इनास. सून फिलू आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. दोघं आपसात त्यांच्या बोलीत बोलत होती. कान देऊन ऐकलं तर निम्मं कळावं आणि उरलेल्या निम्म्यात आपल्यावरच काही चाललंय असं वाटावं, अशी ती बोली. आमच्याशी मात्र अगदी आपल्या मराठीत.

“कुठून आलात मास्तर?” इनासकाकांनी विचारलं. चष्मा आणि कापडी पिशवी असली की मला सगळीकडे मास्तर करतात. मी हल्ली दुरुस्ती करत नाही.

मालतीने पत्रक पुढे केलं. चुलीच्या धुराने पुसट झालेला तो कागद इनासकाकांनी लांब धरून पाहिला.

“हे आमचं नाय. रहाट आमच्यासारखा आहे. आता काढून टाकला आम्ही, मोटर बसवली, तो बघा पंप घरघरतोय. पण ही बाई डावखुरी. आमच्या आळीत डावखुरी बाई नाय कोणी.”

फिलू त्यांच्या खांद्यावरून बघत होती. तिला काहीतरी खुपत होतं. ती कागद सोडेना. “पापा, घड बघा ना कसा धरलाय,” ती म्हणाली.

नंदा बाजूलाच उभी होती आणि काय करत होती? आरशात केस बघत होती. मालती तिच्याकडे रागाने बघणार तेवढ्यात नंदाचा हात थांबला. तिने आरसा जरा कलता केला.

“आई,” ती म्हणाली. “मनोरा उजवीकडे गेला.”

आम्ही सगळे त्या बांगडीएवढ्या आरशावर वाकलो. त्यात पत्रकाचं प्रतिबिंब पडलं होतं. मनोरा उजवीकडे होता, जिथे दुकानदाराला हवा होता तिथे. कोयता उजव्या हातात होता. छापताना फोटो उलटा पडला होता आणि इतकी वर्षं आम्ही तो तसाच बघत आलो होतो.

“आई,” फिलू म्हणाली. आणि तो शब्द नंदासारखा नव्हता, तो कागदातल्या बाईंसाठी होता.

इनासकाकांनी आरशात परत एकदा पाहिलं. मग मांडवाचा बांबू धरून ते खाली बसले. म्हणाले, “रोजा. आमची रोजा ही.”

*

रोजाबाईंना जाऊन दोन पावसाळे झाले होते.

मालती हे ऐकून तशीच उभी राहिली. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, “मला त्यांची जागा दाखवाल?”

फोटोतली जागा घरामागेच होती. तिथे बावखल (वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं) होतं. रहाट गेला होता, त्याचे दगडी खांब उरले होते. मागे सुरूची रांग, तिच्यापलीकडे समुद्र असणार, कारण वारा खारट होता. पाण्याच्या काठाला मालती बसली. शेजारी इनासकाका. पत्रक आता त्यांच्या हातात होतं.

“गळ्यात कॅमेरा घालून एक जण आला,” ते सांगायला लागले. “रोजाला म्हणाला, केळी काढताना फोटो देता का? ही म्हणाली, थांबा. आत गेली ती नाताळचं नवं लुगडं नेसूनच बाहेर. मी म्हटलं, नवं लुगडं नेसून केळी कोण काढतो? चिकाचे डाग जायचे नाहीत, बघ. म्हणून हसली. त्याने तेवढ्यात चाप दाबला.”

मालतीने माझ्याकडे पाहिलं. नवऱ्याकडे बघून. शेळीचं मत मी तिथल्या तिथे मागे घेतलं.

“एक प्रत पाठवतो म्हणाला. पोस्टमन दिसला की ही फाटकाशी. आलं का रे माझं? पुढे पुढे तो बिचारा लांबूनच मान हलवायचा. लग्नातला फोटो आहे आमचा भिंतीवर. पण त्यात श्वास कोंडून उभी आहे. अशी नाय.” त्यांनी कागदाच्या कडेवरून बोट फिरवलं. “हे पिवळं काय?”

“हळद,” मालती म्हणाली. “माझा अंगठा. चुलीपाशी होत्या ना त्या. रोज बोलायचे मी त्यांच्याशी.”

“काय बोलायच्या?”

“हेच. डाळ शिजत नाही. पाहुणे येतात. हे किल्ल्या हरवतात.”

इनासकाका पहिल्यांदा हसले. “मग योग्य बाईशी बोललात. माझ्याबद्दलपण तीच तक्रार होती तिची.”

मी उठून उगाच केळी बघायला गेलो. परत आलो तरी दोघं बोलतच होती. खरं तर मालतीच बोलत होती. रोजाबाईंनी तिच्या घरात काय काय ऐकलं, ते ती त्यांच्या नवऱ्याला सांगत होती. नंदाचा गोवर, माझा संपातला रिकामा महिना, सासूबाईंचं आजारपण. आणि ते मान हलवत ऐकत होते, परगावी राहिलेल्या आपल्या माणसाची खुशाली ऐकावी तसे.

फिलूने जेवल्याशिवाय सोडलं नाही. तांदळाची भाकरी आणि लाल कालवण, त्यात मासळीचे तुकडे. मी काटे काढत असताना सगळ्यांचं जेवण उरकलं. आम्ही आमची शिदोरीही सोडली होती. कडक भाकरी पाहून फिलूने ती बोटाने वाजवली. “ही खायची की छपराला घालायची?” शेंगाचटणीची चव घेतल्यावर मात्र तिने वाटी स्वतःकडे ओढली.

निघायची वेळ झाली. इनासकाकांनी पत्रक बनियनला पुसलं, मूळच्या घड्यांवर घडी घातली आणि मालतीपुढे धरलं.

मला मालती ठाऊक आहे. तिला काही सुटत नाही. फुटक्या कपाचा कानसुद्धा ती जपून ठेवते. तिने कागदाकडे पाहिलं आणि दोन्ही हात पदराखाली घेतले.

“राहू दे,” ती म्हणाली. “त्यांचं टपाल आहे. आम्ही आणून दिलं एवढंच.”

काकांनी हात मागे घेतला नाही. “आणि तुमचं?”

“आमच्याकडे पुष्कळ राहिल्या. आता घरी राहू देत.”

फिलूने वाळलेल्या केळीच्या पानात सुकेळी बांधून दिली. आम्ही फाटकाशी पोचलो, तोच काकांनी नंदाला हाक मारली. जरा ओशाळून उभे होते.

“बाय, एक मागू का? तो आरसा देशील? नायतर ती मला डावखुरीच दिसेल.”

नंदाने पर्स उघडली. आरसा रुमालाने पुसला आणि त्यांच्या हातावर ठेवला.

*

स्टेशनवर आल्यावर लक्षात आलं की समुद्र बघायचा राहिला. पत्रकातली ‘सोनेरी वाळू’ झाडांच्या रांगेपलीकडे होती, आणि आम्ही तिच्याकडे पाठ करून कालवण जेवत होतो. परत जायला गाडीला वेळ होता, पण कोणीच उठलं नाही.

खाडीच्या पुलावर वारा पुन्हा आला. नंदाचा हात सवयीने पर्सकडे गेला आणि थांबला. मालतीने तिला जवळ ओढलं, पाठमोरी बसवलं आणि बोटांनीच तिचे केस सोडवायला लागली. गुंता फार नव्हता. दादर येईपर्यंत सोडवत होती.

गिरणीत एकाने विचारलं, असली पत्रकं बघून खरंच कोणी जातं का हो? मी म्हटलं, आम्ही गेलो. तो म्हणाला, मग पैसे वसूल झाले म्हणायचे कंपनीचे. झाले असतील. आम्ही त्यांच्या गाडीने गेलो नाही, त्यांनी सांगितलेला समुद्र पाहिला नाही, त्यांच्या नकाशाने चुकलो. त्या कंपनीच्या हिशेबात आम्ही कुठे बसतो, मला काही उमगलं नाही.

लग्न पार पडलं. नंदा सासरी गेली. घर एवढं शांत झालं की नळाचं थेंबथेंब पाणी ऐकू यायला लागलं. मी गुपचूप त्या कंपनीला पोस्टकार्ड टाकलं होतं, त्याचं उत्तर त्याच सुमारास आलं. नवं पत्रक. कागद गुळगुळीत, रंग जागच्या जागी. किल्ला, किनारा, पाण्यात उतरणारा सूर्य. मालतीने पुसलेल्या हातांनी ते उघडलं, सगळ्या घड्या पाहिल्या.

“यात घरी कोणीच नाही,” ती म्हणाली, आणि ते रविवारच्या गठ्ठ्यात ठेवून दिलं. चुलीशेजारचा खिळा रिकामाच आहे. भाकरी थापताना ती मान वर करते, खिळ्याकडे बघते आणि परत थापायला लागते. मला ते दिसतं. अशा वेळी मी किल्ली हरवल्याचं सांगतो. निदान बोलायला काहीतरी होतं.

परवा गोदाकाकू वाटीभर साखर मागायला आल्या आणि त्यांचं लक्ष खिळ्याकडे गेलं. लग्नाच्या धामधुमीत त्यांना विचारायचंच राहिलं होतं.

“मालती, काय गं झालं त्या वटारचं? भेटल्या का शेवटी तुझ्या वहिनी?”

मालतीने साखरेचा डबा काढला. वाटी भरली, वरून बोटाने सारखी केली.

“भेटल्या की,” ती म्हणाली. “उजव्या हाताच्या आहेत.”